आठव्या आकड्याचा पासंग

९ ऑक्टोबर

धाकट्या,

परवा तुझ्या दारावर तीनदा थाप मारली ती मीच. तू आतून विचारलंस, "कोण?" मी म्हटलं, "मी." नऊ वर्षांनंतरही नुसत्या "मी"वरून ओळखलंस, याचं बरं वाटलं. पुढे जे बोललास त्याचं वाटलं नाही. "दादा, बोलणं नको. तोंडाने तू कुणाला जिंकू देत नाहीस. सांगायचं असेल ते लिहून पाठव. कागद मध्येच खाली ठेवता येतो."

ठीक. लिहितो. खाली ठेवायचा तिथे ठेव.

मी तुझ्या शेजारी आलोय. राहायला नाही, घाबरू नकोस. तुझ्या घराला लागून जे पंपघर आहे, त्यात आमच्या प्रयोगशाळेचं यंत्र बसवलंय. तुझं स्वयंपाकघर आणि माझं यंत्र यांच्यामध्ये साडेतेरा इंच वीट आहे, मी टेप लावून मोजली. तुमच्या गल्लीखालून विटांचा जुना जलमार्ग जातो, शंभर वर्षांचा. त्याच्या बाजूची माती वाहून जाते आहे का, हा नगरपालिकेला प्रश्न पडलाय. अकरा घरं रिकामी करायची की ठेवायची, ते यंत्र सांगणार. सहा महिने रेघ सरळ राहिली तर घरं राहतील. आणि त्या यंत्राचं जे डोकं आहे, सगळं विजेचं काम, ते मी केलंय. एकट्याने. हातात कुठल्या कॉलेजचा कागद नसताना.

तुला कळेल असं सांगतो. मुठीएवढी काचेची कुपी, आतली हवा काढून टाकलेली. तिच्यात रुबिडियम नावाच्या धातूचे थोडे अणू. सहा बाजूंनी लेझरचा प्रकाश टाकून ते अणू निववायचे, इतके गार की जागच्या जागी उभे राहतात. मग सोडून द्यायचे. ते पडतात. किती जोरात पडले, ते पुन्हा लेझरनेच वाचायचं. पायाखाली माती भरीव असेल तर ते किंचित जोरात पडतात, पोकळ असेल तर किंचित हळू. उत्तर येतं नऊ आकडी. अण्णा आयुष्यभर दुकानदारांचे तराजू दुरुस्त करत राहिले, मासा-तोळ्यावर खूश व्हायचे. मी पृथ्वी तोलतो.

हे सगळं चालवायला आधी दोन कपाटं लागायची, माणसाच्या उंचीची. लेझरला वीज पुरवणारं वेगळं, चुंबकाच्या वेटोळ्यांचं वेगळं, घड्याळ वेगळं. मी ते तीन पट्ट्यांवर आणलं, एकावर एक, एकतीस बाय बावीस बाय नऊ सेंटिमीटरच्या डब्यात. बुटाचं खोकं म्हण. आमच्या डॉक्टरबाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, भौतिकशास्त्रातल्या डॉक्टर, सुईच्या नाहीत, त्यांनी डबा हातात घेऊन विचारलं, "बाकीचं कुठे आहे?"

औषधवाल्याच्या काट्याचं प्रकरण मी उकरून काढत नाही. तो काटा मंजूर नमुन्याचा होता, एवढंच म्हणतो. आणि त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांसमोर मी जे बोललो, ते रागात बोललो. बोललो मात्र.

तुझा थोरला

२६ नोव्हेंबर

धाकट्या,

उत्तर नाही. हरकत नाही, पत्र परतही आलं नाही.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटीवर आमचा पहिला अहवाल लावलाय, तो पाहिला असशील. त्यावरची ती रेघ. दिवसातून दोनदा वर-खाली होते ती चंद्रसूर्याची ओढ, जमिनीलाही भरती येते, फक्त आपल्याला कळत नाही. ते सोडून दिलं तर रेघ अशी आहे की पट्टी ठेवून ओढावी. डॉक्टरबाईंनी भिंतीवर लावून ठेवली आहे. पाहुणे आले की म्हणतात, "हे आमच्या मास्तरांचं काम." मला तिथे मास्तर म्हणतात. शाळेत मी कसा होतो ते तुला माहीत आहे, तेव्हा हसून घे.

ती सरळ आणायला मला काय पडलं ते कुणाला ठाऊक नाही. कपाटातलं सामान खोक्यात कोंबलं की सगळे एकमेकांना तापवतात. एकत्र कुटुंबासारखं. लेझरची पट्टी घड्याळाला तापवते, घड्याळ बिनसतं, की आकडा सरकतो. एका आठवड्यात वीस-पंचवीसने सरकायचा. डॉक्टरबाई म्हणायच्या, "मास्तर, तुमचा डबा तुमच्यावरच गेलाय. तापतो लवकर, निवतो उशिरा." इथे बसवण्याआधी चार महिने मी घासलं. तांब्याच्या पट्ट्या बदलल्या, पंख्याची जागा बदलली, सुट्याही त्यातच घालवल्या. खोकं मोठं करा, असं एकाने सुचवलं. मोठं करायचं तर मी कशाला हवा होतो?

शेवटी एक छोटी सुधारणा केली आणि रेघ सरळ झाली. ती तांत्रिक आहे, तुला नको.

तू सुतारकाम करतोस असं पंपवाल्या काकांकडून कळलं. चांगलं आहे. लाकूड समोरच्याला उलट बोलत नाही. तुझी खिडकी मला पंपघराच्या पायरीवरून दिसते. धाकटी काल तिथे उभी होती. तुझी बायको म्हणून तिला मी कधी नीट बोललोही नाही. मी मान हलवली, तिने पडदा सारला. तुझ्या घरात शिस्त आहे.

थोरला

११ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. पाचव्यांदा चष्मा पुसून वाचलं. पंपघरात धूळ फार.

तू लिहितोस: "दादा, नगरपालिकेने डिसेंबरात विचारलं होतं, जायचं असेल त्यांनी जा, पलीकडे खोल्या देतो. चार घरं गेली. धाकटी म्हणाली आपणही जाऊ. मी पाटीवरचा कागद वाचला, खाली यंत्र बनवणाऱ्याचं नाव वाचलं. तिला म्हटलं, तो माणूस म्हणून कसाही असो, त्याने मोजलेलं चुकत नाही. आम्ही राहिलो."

हे वाचून मी किती वेळ उभा होतो ते मोजलं नाही. मी मोजलं नाही, यावरून काय ते समज.

आता तुझ्या तक्रारींकडे वळतो. एकेक घेतो.

दार अडकतं, तीनदा रंधा मारला, असं लिहितोस. लाकूड आहे, फुगतं. तुला मी सुतारकी शिकवू नये.

जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली पाचर घातली, मग दुसरी, आता तिसरी. फरशी बसते. जुनं घर आहे.

भिंतीतून पंपाची घरघर चोवीस तास येते, धाकटीला झोप लागत नाही. इथे मात्र तू नेहमीसारखं वाढवून लिहिलंस. तो पंप आपोआप चालतो, तासाला बारा मिनिटं. पंप चालू असतानाचं मोजमाप मी वगळतो, म्हणून मला सेकंदापर्यंत माहीत आहे. चोवीस तास म्हणू नकोस. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं म्हण.

धाकटीला सांग, रेघ सरळ आहे. निवांत झोप म्हणावं.

दादा

२० फेब्रुवारी

धाकट्या,

आज थोडं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा अक्षर माफ कर.

नोव्हेंबरात एक सुधारणा म्हणून लिहिली होती, ती सांगतो. सांगायचं असं काही नाही त्यात. यंत्र बसवलं त्या दिवशीचा आकडा धरायचा. मग दर तीन दिवसांची सरासरी त्या आकड्यापासून जितकी ढळली असेल तितकी गुपचूप वजा करायची. डब्याचं तापणं हळूहळू असतं. तेव्हा जे हळूहळू सरकतं ते डब्याचं, ते काढून टाकायचं. जे पटकन हलतं ते खरं, ते ठेवायचं. दोन पानांचा प्रोग्राम. पुस्तिकेत त्याला मी "स्थैर्य" म्हटलंय. माझ्या वहीत मात्र "पा." लिहितो. पा. म्हणजे काय, ते तराजूवाल्याच्या पोराला सांगायला नको. एक पारडं हलकं असलं की त्याला अण्णा खालून शिशाचा तुकडा बांधायचे, तोच. पासंग.

वही मी रोज लिहितो. वजा किती केलं, तो आकडा. ऑक्टोबरअखेर तीन. नोव्हेंबरात सात. डिसेंबरात बारा. जानेवारीत अठरा. आज चोवीस. नऊ आकड्यांतला शेवटचा आकडा म्हणजे एक; तेव्हा चोवीस म्हणजे शेवटून दुसरा आकडा, आठवा, दोनने हलला. तापण्याने ढळतं ते पुढेमागे ढळतं. दुपारी इकडे, पहाटे तिकडे. हे एकाच बाजूला जातंय.

घड्याळाचा स्फटिक म्हातारा होत असणार. नवीन घातला. परवा.

आज चोवीसच आहे. नव्या स्फटिकाने चोवीस.

तुला त्या औषधवाल्याचा काटा आठवतो का? मी म्हटलं उकरत नाही, पण आठवण काही माझं ऐकत नाही. रिकामा असताना काट्याचा आकडा शून्यावर राहावा, इकडे-तिकडे थरथरू नये, म्हणून मी त्यात शून्य धरून ठेवायची सोय केली होती. तू दुकानातच साखरेची पुडी फाडलीस आणि औषधवाल्यासमोर पारड्यात एकेक दाणा टाकत बसलास. अर्धी पुडी गेली. आकडा शून्य. औषधवाला म्हणाला, "मी पावडर अशीच घालतो, चिमटी-चिमटीने." तू मला म्हणालास, "दादा, हळूहळू ओतलं तर तुझ्या काट्याला कळतच नाही." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तू माझ्या पासंगालाही पुरणार नाहीस."

दार अजून अडकतं का? खरं सांग. फेब्रुवारीत लाकूड फुगत नाही.

दादा

१४ मार्च

धाकट्या,

छोटं काम. तू आणि धाकटी आठ-दहा दिवस तिच्या भावाकडे जाऊन या. हवापालट होईल. पंपघरात आम्हाला काही चाचण्या घ्यायच्या आहेत, थोडा आवाज होईल, धूळ होईल. धाकटीची झोप तशीही होत नाही.

जाताना पाणी बंद करा. गॅसही.

आज गेलात तर उत्तम.

दादा

२६ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. "कारण लिही. कारण नसेल तर मला काम आहे." दोन ओळी. माझ्या दहा पत्रांना पुरून उरतील.

कारण लिहितो. हे पत्र मध्येच खाली ठेवू नकोस. एवढं एकदा ऐक.

अण्णांकडे कुणी तराजू आणला आणि म्हणालं, हा खोटं सांगतो, तर अण्णा आधी काय करायचे? पारडी बदलायचे. माल डावीकडचा उजवीकडे, वजन उजवीकडचं डावीकडे. खोट पारड्याबरोबर गेली तर तराजू खोटा. खोट मालाबरोबर गेली तर माल खोटा. दुसरं काही बघायचं नाही, म्हणायचे.

२ मार्चला मी पारडी बदलली. आमच्याकडे यंत्राचे दोन संच आहेत. तुमच्या पंपघरातला पहिला प्रयोगशाळेत नेला आणि तिथला दुसरा पंपघरात आणून बसवला. उन्हाळ्याच्या तापाचा संशय राहू नये म्हणून प्रयोगशाळेत पहिल्या डब्यावर साठ वॉटचा दिवा टांगला आणि पंपघराइतकाच तापवून ठेवला. बारा दिवसांनी वही उघडली. पहिला डबा, जो पाच महिने चळत होता: शून्य. दुसरा डबा, जो कधी चळला नव्हता: चार. त्याच बाजूला.

माझा डबा चांगला आहे, धाकट्या. माझ्या डब्यात काहीही खोट नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की असती तर बरं झालं असतं.

खोट तुमच्या जमिनीत आहे. ती पाच महिने हळूहळू ओतत होती, आणि मी पाच महिने शून्य दाखवत होतो. पाटीवर जी सरळ रेघ वाचून तू राहिलास, ती तुझ्या जमिनीची नव्हती. ती माझी होती.

हे मला १४ मार्चला कळलं. त्याच दिवशी तुला हवापालटाचं पत्र लिहिलं. डॉक्टरबाईंना आज सांगितलं. मधले बारा दिवस मी काय केलं विचारशील. आकडे पुन्हा तपासले. पुन्हा तपासले. तो प्रोग्राम त्यांच्या नकळत काढून टाकता येईल का, म्हणजे उद्यापासून रेघ आपोआप घसरू लागेल आणि सगळे म्हणतील जमीन आत्ताच हलायला लागली, तेही बघितलं. हे लिहायला हात तयार नव्हता. लिहिलं.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. भिंतीवरची रेघ उतरवून टेबलावर ठेवली. विचारलं, "किती दिवसांपासून माहीत आहे?"

"बारा."

"मास्तर, बारा दिवस तुम्ही तपासत होतात की लपवत होतात?"

मी म्हटलं, "सुरुवात तपासण्याने झाली."

"तिथे कुणी राहतं का अजून?"

"सात घरं. एकात माझा भाऊ."

तेव्हा मात्र त्या उठून उभ्या राहिल्या.

आम्ही तिथेच पासंग काढला. वहीतले आकडे असल्यामुळे मागचं सगळं परत जोडता आलं. खरी रेघ जिन्याच्या कठड्यासारखी उतरते. एकूण सदतीस. जमिनीतल्या पाण्याची पातळी उतरल्यानेही असं होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरबाईंनी पंपवाल्या काकांना फोन केला. काका पंपघरातल्या विहिरीची पातळी रोज रजिस्टरात लिहितात; ऑक्टोबरपासून बोटभरही फरक नाही. मग ते आपणहून म्हणाले, "बाई, पाणी तेवढंच आहे, पण जलमार्गाच्या पुढच्या जाळीत रेती येते. आधी आठवड्याला घमेलंभर यायची. आता रोज तीन काढतो." त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी कागदावर हिशेब केला. सात-आठ मीटर खाली, कमीत कमी अडीचशे-तीनशे टन माती नाही. तीस ट्रक. जाळीत अडकली ती थोडी, बाकीची केव्हाच पुढे गेली. मी विचारलं, वर काय आहे? त्या म्हणाल्या, "वर फरशी आहे, मास्तर."

लगेच दोघं नगरपालिकेत गेलो. अभियंता साहेबांनी पाच अहवाल टेबलावर मांडले. पाचांवर आमचाच शिक्का. "या पाच कागदांवर जमीन स्थिर आहे. आज तुम्ही एक कागद आणता आणि म्हणता स्थिर नाही. मी कुठला मानू?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजचा." ते म्हणाले, "मग कालचे खोटे का, हे लेखी द्या. गुरुवारी समितीपुढे ठेवतो." मी तिथेच लेखी दिलं. माझ्या सहीने, माझ्या चुकीने, अशा शब्दांत. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे तर आणखीच गुंतागुंतीचं झालं."

सरळ रेघेला शिक्का पाच मिनिटांत मिळाला होता.

गुरुवारची वाट बघू नकोस. तू दाराला तीनदा रंधा मारलास, टेबलाला तीन पाचरी दिल्यास. मी आकड्याला रंधा मारत होतो. एकाच बापाची पोरं आपण. पण तू निदान मला लिहून तरी कळवलंस, आणि मी तुला वाढवून लिहितोस म्हणालो.

पत्र मिळाल्याक्षणी निघ. सामान बांधू नकोस.

दादा

२८ मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं

धाकट्या,

मी दाराबाहेर आहे. आत्ता हाका मारत होता तो मीच. तू आतून म्हणालास, "लिहून दे, दादा, ठरलंय आपलं," आणि रेडिओ मोठा केलास. म्हणजे परवाचं पत्र अजून मिळालेलं नाही. पोस्टाला मी दोष देत नाही, मी बारा दिवस घेतले. तेव्हा हे वहीच्या पानावर, गुडघ्यावर ठेवून लिहितोय. बाकीच्या सहा घरांत डॉक्टरबाई गेल्यात. दोन घरं बाहेर आली, मुलांसकट. तुझं मी मागून घेतलं.

थोडक्यात: माझी रेघ खोटी होती. जमीन खालून गेली आहे. माझ्या नावावर विसंबून तू राहिलास, आणि तेच नाव खाली घालून सांगतो, बाहेर ये. कुणाला चुकलो म्हणायची मला सवय नाही, तेव्हा नीट जमलं नसेल तर चालवून घे.

मगाशी तुझ्या दाराखालची फट मोजली. सवय. एका टोकाला चार मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला एकोणीस. तुझा रंधा असा तिरका जात नाही, एवढं मला तुझं काम माहीत आहे. पत्र एकोणीसच्या बाजूने सरकवतो.

गेल्या दोन दिवसांत आकडा सहाने उतरला. आधी सहाला महिना लागायचा.

त्या दिवशी दुकानात मी म्हणालो ते उलटं होतं. अर्धी साखरेची पुडी घेऊन तू जे अर्ध्या तासात ओळखलंस, ते मला नऊ वर्षांत आणि नऊ आकड्यांत कळलं नाही. हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचंय. बाहेर आलास तर म्हणेन. आणि तू मध्ये थांबवलंस तर थांबेन.

अजूनही तुला वाटत असेल की दादा नेहमीसारखं त्याचंच खरं करतोय, तर माझं काही ऐकू नकोस. रेडिओ बंद कर. धाकटीला घे आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावा, पंपघराच्या बाजूच्या. ती घरघर येईल, चोवीस तासवाली. ऐकलीस?

पंप मी आज सकाळी आठ वाजता बंद केलाय.